ग्रंथांची बडतर्फी

शाळेच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक असावे आणि कोणते नसावे, हा प्रश्न ज्यांना स्वातंत्र्य आणि दडपशाही यांच्यातील सरळ सामना वाटतो, त्यांच्या पंक्तीत मला बसता येत नाही. ग्रंथसंग्रह म्हटला की निवड आली, आणि निवड आली की नकारही आला. कपाटे मोजकी, वार्षिक तरतूद तुटपुंजी आणि वाचणारे वय कोवळे. अशा स्थितीत एक पुस्तक घेणाऱ्या ग्रंथपालाने इतर शंभर सोडली, म्हणून त्याच्यावर कोणी फिर्याद करीत नाही. जीर्ण व कालबाह्य पुस्तकांचे निर्लेखन हाही ग्रंथालयाचा जुना शिरस्ता आहे: यादी होते, समिती पाहते, दाखल नोंदवहीत शेरा पडतो आणि पुस्तक रीतसर निवृत्त होते. वादग्रस्त ठरलेल्या पुस्तकाच्या वाट्याला मात्र ही निवृत्ती बहुधा येत नाही. ते एके दिवशी नुसते नाहीसे होते. आणि माझा आक्षेप त्याच्या जाण्यापेक्षाही त्या जाण्यामागच्या मौनाला आहे.

या मौनाचे बोधप्रद उदाहरण अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या आयलंड ट्रीज शालेय मंडळाने घालून दिले आहे. १९७५ च्या सप्टेंबरात या मंडळाचे काही सभासद पुराणमतवादी पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेस गेले आणि तेथून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी, त्यांतील वेचक उताऱ्यांसह, घेऊन परतले. शोध घेता त्यांतील नऊ पुस्तके वरच्या शाळेच्या ग्रंथालयात, एक खालच्या शाळेत आणि एक वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात सापडले. कर्ट व्हॉनेगट यांची महायुद्धाविषयीची कादंबरी, रिचर्ड राइट यांचे आत्मचरित्र, लँग्स्टन ह्यूज यांनी संपादिलेला कृष्णवर्णीय लेखकांचा कथासंग्रह, बर्नार्ड मॅलमड यांची पुलित्झर पारितोषिकप्राप्त कादंबरी, ही सारी त्या अकरांत होती. परक्याने केलेल्या यादीवरून असा निर्णय घेऊ नये, तक्रार आल्यास समिती नेमण्याचा नियम आपल्याच दप्तरी आहे, असे शाळांच्या अधीक्षकाने मंडळास बजावले. मंडळाने प्रथम पुस्तके कचेरीत जमा करण्याचा हुकूम सोडला आणि मग समिती नेमली. शिक्षा आधी झाली, चौकशी मागाहून आली.

त्या समितीत चार पालक होते आणि चार शाळेचे कर्मचारी. त्यांचा अभिप्राय मला फार मोलाचा वाटतो, कारण तो एकसुरी नव्हता: पाच पुस्तके ठेवावीत, दोन काढावीत, एक पालकांच्या संमतीने द्यावे आणि उरलेल्या तिघांविषयी निश्चित मत देता येत नाही, असे त्यांनी कळविले. पुस्तके प्रामाणिकपणे वाचली की माणसांचे असेच होते. ती घोटाळतात, एकमेकांशी भांडतात, कोठे नमतात, कोठे अडतात. यादीला असा संकोच ठाऊक नसतो. मंडळाने १९७६ च्या जुलैत हा अहवाल बहुतांशी फेटाळला, एक पुस्तक बिनशर्त व एक संमतीच्या अटीवर परत केले आणि नऊ काढून टाकली. आपणच नेमलेल्या समितीचा सल्ला आपण का झुगारतो, याचे एकही कारण मंडळाने दिले नाही.

स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थ्यांनी केलेला दावा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. पुस्तक असभ्यतेने भरलेले वा शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य म्हणून काढता येईल, पण त्यातील विचार आपणास रुचत नाहीत एवढ्याचसाठी काढता येणार नाही, अशी न्यायमूर्ती ब्रेनन यांची भूमिका होती. तर पाचवे मत देणाऱ्या न्यायमूर्ती व्हाइट यांनी घटनेच्या प्रश्नात न शिरता, पुस्तके कशासाठी काढली हेच अद्याप सिद्ध झालेले नाही, ते आधी ठरू द्या, एवढेच म्हटले. साऱ्या खटल्याचे मर्म असे त्या न लिहिलेल्या कारणात येऊन ठेपले. विरोधी न्यायमूर्तींची बाजूही पोकळ नव्हती. लोकांनी निवडलेल्या स्थानिक मंडळाच्या डोक्यावर न्यायालयाने का बसावे, आणि जे पुस्तक दुकानात वा सार्वजनिक वाचनालयात मिळू शकते ते शाळेत नसल्याने कोणते आभाळ कोसळते, हे प्रश्न विचारण्याजोगेच आहेत. परंतु ज्या मुलाच्या गावात पुस्तकांचे दुकान नाही आणि घरात पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागद नाही, त्याला हे उत्तर देता येत नाही. न्यायमूर्ती पॉवेल यांनी तर आपल्या भिन्नमतपत्रास ते मूळचे उतारेच, ग्रंथांशी ताडून किरकोळ दुरुस्त्या करून, जोडले. उताऱ्यावरून ग्रंथाचा इन्साफ करण्याची रीत अशी सर्वोच्च न्यायासनापर्यंत पोहोचली. शेवटी मंडळाने सुनावणीला तोंड देण्याऐवजी पुस्तके परत कपाटात ठेवली, आणि ते कारण शपथेवर कधी तपासले गेलेच नाही.

आपल्याकडे सरकारला एखादे पुस्तक जप्त करावयाचे झाल्यास कायद्याने त्याची कारणे नमूद करावी लागतात, आणि त्या हुकुमाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात अर्ज करता येतो, जो तीन न्यायमूर्तींपुढे चालतो. कारणे न लिहिलेला असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली, हरनाम दास यांच्या खटल्यात, रद्द केला होता. गोपाळ गोडसे यांच्या ‘गांधीहत्या आणि मी’ या मराठी पुस्तकाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाने १९६९ साली रद्द ठरविली. त्या पुस्तकाशी माझे तिळमात्र सख्य नाही. तरीही सरकारच्या कारणांची रुजवात झाली आणि ती अपुरी ठरली, यात मला न्यायाची प्रतिष्ठा दिसते. जी जबाबदारी सामर्थ्यवान शासनावर आहे, ती शाळेच्या चालकांवर का नसावी? त्यांच्याच शाळेतील शिपायास बडतर्फ करावयाचे तर आरोपपत्र द्यावे लागते, चौकशी करावी लागते, त्याची कैफियत ऐकावी लागते. ग्रंथाला मात्र एका प्रतिष्ठित पालकाचा तोंडी निरोप पुरतो.

कारण लिहिल्याने ते योग्य ठरते, असे मी म्हणत नाही. लिहिलेले कारण चुकीचे, संकुचित, हास्यास्पदही असू शकेल. परंतु ते दप्तरी राहते, उद्याच्या शिक्षकाला वाचता येते आणि म्हणूनच बदलता येते. मौनावर अपील चालत नाही. म्हणून संस्थाचालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती इतकीच आहे की, तक्रार करणाऱ्याने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलेले असावे, निर्णय होईपर्यंत ते जागचे हलू नये, आणि काढायचेच ठरले तर त्याचे कारण नोंदवहीत लिहून त्याखाली स्वतःची सही करावी. ज्या निर्णयाखाली सही करण्यास हात धजत नाही, तो निर्णय मुलांच्या नावाने घेऊ नये.