परकर का लांबला?

साठी ओलांडलेल्या स्त्रियांकडून एक गोष्ट मी दवाखान्यात वरचेवर ऐकते. ती आजार म्हणून कोणी सांगत नाही. रक्तदाबाची गोळी लिहून घेऊन उठता उठता, हसत सांगितली जाते : “हल्ली परकर जमिनीला घासतो बाई, धुऊन धुऊन लांबला असेल.” वाचकहो, सुती कापड धुतल्याने आटते, लांबत नाही. अशा वेळी मी त्यांना भिंतीवरच्या पट्टीपाशी उभे करते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटरहून अधिक घट दिसली, तर पाठीचा एखादा मणका दबून मोडला असावा अशी शंका घ्यावी लागते. न पडताही तो मोडू शकतो. घरचे मात्र पाठीला बाम चोळतात आणि पोक आले, वय झाले, असे म्हणतात. वयाच्या नावावर इतके काही खपवणे मला मान्य नाही.

हाड आयुष्यभर झिजत असते आणि भरूनही येत असते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की झीज भरपाईला मागे टाकते. पहिल्या काही वर्षांत हा वेग सर्वांत जास्त असतो. (मी स्वतः नुकतीच त्या वर्षांतून गेले आहे.) पुरुषही यातून सुटलेले नाहीत. मद्य, तंबाखू आणि महिनोन्महिने घेतलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या त्यांचीही हाडे पोखरतात. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांतही कधीकधी स्टेरॉईड मिसळलेले असते, हे ध्यानात असू द्यावे.

‘हाडे कमजोर झाली’ या एकाच वाक्यात दोन निराळे आजार दडलेले असतात. पहिला ठिसूळपणाचा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. हाड मोडेपर्यंत तो सहसा दुखत नाही आणि रक्तातील कॅल्शियमही बहुधा ठीक असते. दुसरा मऊपणाचा, ऑस्टिओमलेशिया. ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडात क्षार नीट बसत नाहीत. अंग ठणकते, मांडी घालून बसल्यावर हाताचा टेका घेतल्याशिवाय उठवत नाही, चाल डुलती होते. रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज बहुधा वाढलेले आढळते. आपल्याकडे ऊन मुबलक असूनही हे घडते, कारण दिवस घरात किंवा कार्यालयात जातो, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. हा दुसरा आजार बहुतेकदा पूर्ण बरा होतो. जिना चढू न शकणारी बाई काही महिन्यांत गच्चीवर पापड वाळत घालताना पाहणे हे आमच्या व्यवसायातले मोठे सुख आहे. मात्र ड जीवनसत्त्वाची ती ६०,००० एककांची पुडी डॉक्टरांनी ठरवून दिलेले आठवडेच, आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

ठिसूळपणाची पहिली जाहीर खूण बहुधा मनगटावर उमटते. पन्नाशीनंतर उभ्या जागी घसरून मनगट मोडले, प्लास्टर निघाले, बोटे वळू लागली की घर निर्धास्त होते. खरे तर चौकशी तेव्हाच सुरू व्हायला हवी. खुबा आणि कंबरेच्या मणक्यांची डेक्सा तपासणी करून घ्यावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस. शिबिरात टाचेवर यंत्र लावून सांगितलेल्या आकड्यावर औषध सुरू करू नये.

आहारात नाचणी, तीळ, दूध असावेच. पण रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि कपभर दुधातून जेमतेम २५० मिळते. शिवाय हाड एकदा मोडल्यावर नुसते कॅल्शियम पुरत नाही. आठवड्याला एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते. त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही आणि चहाही नाही. पुष्कळ घरांत गोळीपेक्षा ही चहाची अटच जड जाते.

आणि खुबा मोडलाच, तर ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला’ यावर घरात दिवसचे दिवस चर्चा करू नका. अंथरुणाला खिळल्याने न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. प्रकृती परवानगी देत असेल तर पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया झालेली बरी. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर वेदनाशामक असते, प्रतिजैविक असते. हाडांच्या ठिसूळपणावरचे औषध त्यात आहे का, तेवढे तिथेच विचारून घ्या.