भाकरीवर आलेली नोटीस

शनिवारी सकाळी दारात चारपाच गाड्या लागतात म्हणून शेजारच्या वहिनींना एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं: घरातून धंदा चालणार नाही. वहिनी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकतात. ते पत्र मला फार लागलं, कारण घरं कुठे आणि धंदे कुठे हे ठरवणारं झोनिंगच नसलेलं अमेरिकेतलं सर्वांत मोठं शहर म्हणजे आमचं ह्यूस्टन. १९४८, १९६२ आणि १९९३, तिन्ही वेळा इथल्या लोकांनी मतदानात झोनिंग नाकारलं.

मग अडतं कुठे? घराच्या कागदात. प्लॉट पाडतानाच ‘फक्त राहण्यासाठी’ अशी अट नोंदवलेली असते आणि ती घरासोबत नव्या मालकाच्या गळ्यात पडते. झोनिंगचं कारण सांगून शहरांनी घरगुती खाद्यपदार्थ बंद पाडू नयेत, असा कायदा टेक्सासने २०१३ मध्ये केला. एचओए मात्र त्यातून सुटली.

गावाकडे, सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीत, आमच्या पेठेत पुढे आडत आणि मागे संसार. तुरीच्या हंगामात पोती सोप्यापर्यंत यायची, मापाडी आणि हमाल अंगणात बसूनच चहा घ्यायचे. हिशेब मराठीत, भांडण कन्नडमध्ये. तुरीची धूळ रांजणावरच्या फडक्यावर बसायची आणि आई ते दुपारी पुन्हा झटकायची. समोरच्या घरात उंबऱ्याशी सूप घेऊन बायका विड्या वळायच्या, पलीकडे शिलाई मशीन. कुणी कुणाला नोटीस धाडल्याचं मला आठवत नाही.

नियम तिकडेही आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे रहिवासी भागात घरच्या माणसांनी, पगारी माणूस न ठेवता आणि बाहेर पाटी न लावता पूर्वापार घरगुती उद्योग करावा. मोटर लावलीच तर एक अश्वशक्तीपर्यंत. शेजाऱ्याला त्रास किती, धोका किती, एवढंच त्यात पाहिलंय. धोका खोटा नाही. मे २०२५ मध्ये सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, मालकाचं कुटुंब तिथेच राहत होतं. आठ जीव गेले. पण यंत्रमाग आणि तवा एकाच मापाने कसे मोजायचे?

कुणाला इथे ह्यूस्टनमध्ये वहिनींसारखं काही सुरू करायचं असेल, तर आधी काउंटी क्लर्ककडून घराच्या अटींची प्रत काढा. बंदी धंद्यालाच आहे, की पाटी आणि गिऱ्हाइकांच्या गाड्यांना, हे शब्दन् शब्द वाचा. फूड हँडलरचा कोर्स करून घ्या. चटणीच्या लेबलवर शेंगदाण्याचा उल्लेख हवाच, इथे ती ॲलर्जीची वस्तू आहे. माल घरी केलाय, सरकारी तपासणी झालेली नाही, ही ओळही हवी. सप्टेंबर २०२५ पासून वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत विक्री चालते, पूर्वी ही मर्यादा पन्नास हजारांची होती. घरचा पत्ता छापायला बायका बिचकतात. आता टेक्सासच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करून पत्त्याऐवजी नोंदणीचा क्रमांक छापता येतो.

वहिनींच्या कागदात आक्षेप गाड्यांना आहे, चुलीला नाही. म्हणून तूर्त त्या भाकऱ्या स्वतःच पोचवतात. एचओएच्या पुढच्या बैठकीला मी त्यांच्यासोबत जाणार आहे. अट बदलायला किती घरांच्या सह्या लागतात, हे तिथेच विचारायचं ठरलंय.