काकीचं परडं

वर्षावास संपला की आमच्या महाड तालुक्यातल्या वाडीत दोन कामं लागोपाठ होतात. आषाढ पौर्णिमेपासून विहारात रोज रात्री चाललेलं 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन अश्विन पौर्णिमेला पूर्ण होतं, खीरदान होतं. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बायामाणसं कुदळ घेऊन परड्यात उतरतात.

मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो. परडं म्हणजे घरामागची मोकळी जागा. कुणाचं दोन गुंठे, कुणाचं चार वाफ्यांपुरतं. कोकणात पावसाळ्यात तिथे पडवळ, काकडी, भोपळा मांडवावर चढतो. पाऊस गेला, वेल पिवळे पडले, की मांडव मोडायचा आणि हिवाळी भाजीसाठी जमीन मोकळी करायची.

गेल्या अश्विन पौर्णिमेला मी गावी गेलो तो वाचन-समाप्तीसाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं काम माझ्या पिशवीत होतं. चुलतभावाने संमतीपत्र टाईप करून दिलं होतं. परड्यावर सिमेंटचा कोबा टाकून दोन खोल्या बांधायच्या, मे महिन्यात पोरंबाळं गावी आली की झोपायला जागा हवी. त्यावर काकीची सही आणायची. "तू शिकलेला आहेस, तुझं ती ऐकते," असं दादा म्हणाला. एसटीने महाड, तिथून मिनीडोरने फाटा, पुढे पायी. वाटभर मी मनात मुद्दे जुळवत होतो.

सकाळी उठलो तर काकी केव्हाच परड्यात. वय सत्तरच्या पुढे. "आलास तसा हात लाव," म्हणाली. मग मी पँट दुमडली.

आमची जमीन तांबडी, दगडाळ. पाऊस थांबला की आठवड्यात वरून कडक होते, म्हणून ओल आहे तोवर खणून घ्यायचं. काकी हस्त, चित्रा अशी नक्षत्रं मोजते. आपल्यातले काही कार्यकर्ते यावर नाक मुरडतात, पण ती पत्रिका बघत नाही, पाऊस बघते. हस्ताच्या सरी संपल्याशिवाय माठ-मेथी पेरली तर मुसळधार पावसात बी वाहून जातं, एवढाच त्याचा अर्थ.

खणलेल्या मातीत कुजलेलं शेणखत मिसळलं, वाफे केले. लाल माठाचं बी मोहरीपेक्षाही बारीक. नुसतं फेकलं तर एका जागी दाट पडतं, म्हणून ते मूठभर राखेत कालवून पेरायचं. धणे पायताणाखाली हलके रगडून दोन फाकी करायचे, म्हणजे दोन्ही उगवतात. मुळा एक एक टोचायचा. वांगी-मिरचीचं बी तिने महिनाभर आधीच पडवीच्या कडेला गादीवाफ्यावर टाकलं होतं. ती रोपं आम्ही उन्हं उतरल्यावर लावली. भर दुपारी लावलेलं रोप मान टाकतं. मावा पडला तर सकाळी दव असतानाच चुलीची राख पानांवर भुरभुरायची. बाजारातलं औषध तिने कधी आणलं नाही. आणायला पैसे नव्हते, हेही खरं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वई घालण्यात. माकडं आणि रानडुकरं हल्ली फार झाली आहेत. निम्मी घरं बंद, माणसांचा वावर नाही, मग जनावरं येणारच. वाडीत दहा-बारा परडी होती, आता तीन उरली.

वई बांधता बांधता काकीने सांगितलं ते मी आजवर ऐकलेलं नव्हतं. तिची सासू, म्हणजे माझी आजी, लहानपणी आईबरोबर गावकीच्या घरोघर तुकडे मागायला जायची. मार्च 1927 मध्ये बाबासाहेब महाडला आले. मेलेलं जनावर खाऊ नका, शिळे तुकडे मागू नका, हे त्यांचे शब्द वाडीपर्यंत पोचले. वाडीने मागणं सोडलं. पण सोडल्यावर ताटात काय घालायचं? भाकर कशीबशी मिळे, कालवण नसे. तेव्हा बायांनी घरामागचे दगड वेचून काढले, माती भरली आणि माठ पेरला. "आत्याबाई म्हणायच्या, परडं हाय तवर कुणाच्या दारात वाटी घेऊन जायाचं नाय," काकी म्हणाली आणि पुन्हा काथ्या ओढू लागली.

चवदार तळ्याचं पाणी, 1937 साली मुंबई उच्च न्यायालयात मिळालेला विजय, हे सगळं मी भाषणांत अनेकदा सांगितलं आहे. घरामागच्या माठाबद्दल कधी एक वाक्यही बोललो नव्हतो.

रात्री संमतीपत्र काढलं. तिने चष्मा लावून अक्षर अक्षर वाचलं, आणि विचारलं, "माझी सही कशाला? जागा माझ्या नावावर हाय काय?"

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीतून आठ नंबरचा उतारा काढला. काकांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, अजून एकट्या काकांचंच नाव. वस्तीतल्या किती विधवा भगिनींचे अर्ज मी स्वतः भरून दिले आहेत! 1956 च्या वारसा कायद्यात विधवेचा वाटा मुलांच्या बरोबरीचा आहे आणि तो कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे, हे मी कितीतरी बैठकांत सांगतो. ज्या हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडलं, त्यातूनच पुढे हे आलं. आणि घरच्या बाईचं नाव लावायचं माझ्याही लक्षात आलं नाही. त्याच दिवशी मृत्यूचा दाखला जोडून वारसांच्या नावांचा अर्ज दिला. काकीने स्वतःची सही केली.

मुंबईला परतल्यावर दादा माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. त्याचंही सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. सहा माणसं एका खोलीत झोपतात, मे महिन्यात उकाड्याने पोरं रडतात.

25 डिसेंबरला मनुस्मृती दहन दिनासाठी महाडला गेलो, तेव्हा त्याला आग्रह करून बरोबर नेलं. क्रांतिस्तंभाला वंदन करून दोघे वाडीत पोचलो. माठ दोनदा खुडून झाला होता, वांगी लगडली होती, भात कापल्यावर ओलीवर टाकलेले वाल फुलावर होते. उतारा तयार होता. पहिलं नाव काकीचं, खाली दोन्ही मुलांची. दादाने तो दोनदा वाचला, काही बोलला नाही. जेवायला मुळ्याची भाजी, भरली वांगी, तांदळाची भाकरी.

जेवण झाल्यावर तो अंगणात गेला आणि पावलं टाकत पुढच्या पडवीची लांबी मोजू लागला. "इथे एक खोली बसेल," मला म्हणाला. काकी आतून ओरडली, "मोजायचं ते मोज, पण गादीवाफा सोडून!"