गुडघा मुलीचा, ढाल शाळेची



मुलींच्या खेळातील दुखापतीवर आंबेडकरी कार्यकर्त्यांनी का लिहावे, असा प्रश्न काही मित्रांना पडेल. शिष्यवृत्ती रखडली आहे, आरक्षणावर घाला येतो आहे, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही गुडघ्याचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर सरळ आहे. आपल्या वस्तीतल्या ज्या मुली कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळतात, पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात, त्यांच्याजवळ भांडवल म्हणून एकच गोष्ट आहे. त्यांचे शरीर. बापजाद्यांची शेती नाही, दुकान नाही, मामा मंत्रालयात नाही. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. ही सगळी शिडी दोन गुडघ्यांवर चढायची असते. गुडघा गेला की शिडी गेली. मग हा विषय आपला नाही तर कोणाचा?

आधी गुडघ्यात होते काय ते समजून घेऊ. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना आतून बांधून ठेवणारी एक आडवी-तिरपी दोरी असते. डॉक्टर तिला एसीएल म्हणतात, मैदानावरची पोरं नुसतं ‘लिगामेंट’ म्हणतात. धावता धावता एकदम थांबणे, पाय रोवून दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे, याच क्षणी ती फाटते. कबड्डीची चढाई आणि खो-खोची पळती म्हणजे दुसरे काय आहे? महत्त्वाची गोष्ट अशी की, बहुतेक वेळा समोरच्याचा धक्का लागलेलाच नसतो. आतून ‘टक्’ असा आवाज येतो, मुलगी खाली बसते, काही तासांत गुडघा सुजतो.

खरा घात यानंतर होतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते. मुलगी सरळ चालू लागते, जिना चढते. सगळ्यांना वाटते, बरी झाली. पण दोरी तुटलेलीच असते. ती पुन्हा मैदानात उतरली की गुडघा सटकतो आणि या वेळी आतली गादीही फाटते. पहिली दुखापत अपघात म्हणता येईल. दुसरी अपघात नसते.

आमच्या कामाच्या भागातली एक मुलगी आहे, नाव आणि गाव लिहीत नाही. वय सोळा, चढाईत तालुक्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. सरावात उडी मारून उतरताना तिच्या गुडघ्यात ‘टक्’ झाले. सरांनी मुरगळला म्हणून सांगितले. घरच्यांनी नस बसवणाऱ्याकडे नेले, त्याने गरम तेलाने खसाखसा चोळले. ताज्या सुजलेल्या गुडघ्याला चोळणे म्हणजे आगीत रॉकेल. तीन आठवड्यांनी विभागीय सामने होते. तिच्याशिवाय संघ जाणार नव्हता, ती गेली, पट्टी बांधून खेळली. शाळेला ढाल मिळाली. उपांत्य सामन्यात तिचा गुडघा दोनदा सटकला होता, हे तिने आम्हाला सहा महिन्यांनी सांगितले, तेव्हा एमआरआयचा कागद हातात होता.

तिच्या वडिलांना घेऊन आम्ही शाळेत गेलो. वडील बिगारी काम करतात, त्या दिवसाचा रोज बुडवून आले होते. खर्चाचा विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, “ती तिच्या हौसेनं खेळत होती, आम्ही काय जबरदस्ती केली होती का?” त्याच खोलीत काचेच्या कपाटात ती ढाल होती. ढालीवर शाळेचे नाव कोरलेले होते. वडील वाद न घालता उठले. त्यांना वाद घालता येत नाही असे नाही. धाकटी मुलगी त्याच शाळेत शिकते.

आम्ही तिला विचारले होते, “अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “ताई-दादा, सांगितलं असतं तर घरी खेळ बंद केला असता. खेळ बंद म्हणजे स्थळं बघायला सुरुवात.” आणि गुडघा गेल्याचे कळल्यावर आजी काय म्हणाली? लंगडणारीला कोण करून घेईल! म्हणजे सांगितले तरी लग्न, नाही सांगितले तरी लग्नाचीच काळजी. मुलीच्या गुडघ्याचा विचार तिच्यासाठी कोणीच करत नव्हते. असे मौन आम्ही एका मुलीत पाहिलेले नाही. भरतीची तयारी करणाऱ्या कितीतरी मुली नडगीच्या हाडातली दुखणी महिनोन्‌महिने लपवतात. झिजलेले बूट, कडक डांबर, आणि एकही दिवस सुट्टी नाही. हाडाला बारीक चीर गेली तरी गोळी खाऊन धावतात.

आता या सगळ्यावर एक ठरलेले उत्तर ऐकू येते: “मुलींचं शरीरच नाजूक असतं.” या उत्तराशी आपल्याला भांडावे लागेल. वयात आल्यानंतर सारख्याच खेळात मुलींमध्ये एसीएल फाटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आढळते, हे खरे आहे. कंबरेची रचना, उतरताना गुडघा आत झुकणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद कमी पडणे, अशी कारणे डॉक्टर सांगतात. पण मागचे स्नायू कमकुवत का राहिले? मुलगा चौदाव्या वर्षी तालमीत जातो, बैठका मारतो, उड्या मारून उतरायला शिकतो. मुलगी त्याच वयात घरात कोंडली जाते आणि स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी मैदानात उतरवली जाते. २०२१ मध्ये पार्सन्स, कोएन आणि बेकर या तीन संशोधक स्त्रियांनी ब्रिटनच्या क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकात हाच मुद्दा मांडला. मुलीच्या गुडघ्याचा दोष फक्त तिच्या शरीरात शोधू नका, तिला कसे वाढवले, व्यायामशाळेत काय दिले, काय नाकारले, तेही बघा, असे त्यांचे म्हणणे आहे.

मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्याला नवा आहे का? परिस्थितीने जे घडवले ते जन्माने आले असे सांगायचे, हीच तर जातिव्यवस्थेची जुनी युक्ती आहे. शिकू द्यायचे नाही आणि मग म्हणायचे, यांच्यात बुद्धीच नाही. ताकद कमवू द्यायची नाही आणि मग म्हणायचे, बाईचा गुडघाच कच्चा.

हे ‘निसर्गाचे देणे’ असते तर व्यायामाने बदलले नसते. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या ४,५६४ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर अभ्यास झाला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही क्लबांतल्या मुलींना सरावाआधी आठवड्यातून दोनदा १५ मिनिटे सहा व्यायाम दिले. एका पायावर अर्धी बैठक, दोन पायांवर बैठक, उताणे झोपून कंबर उचलणे, कोपरांवर शरीर तोलून धरणे, पुढे पाऊल टाकून वाकणे, आणि उडी मारून हलके उतरणे. प्रत्येक वेळी गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, आत झुकू द्यायचा नाही. बस्स. व्यायाम करणाऱ्या गटात एसीएल फाटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. यासाठी जिम लागत नाही, यंत्र लागत नाही, मुरमाचे मैदान चालते. आपल्या शाळांत हे होत नाही याला गरिबी कारण नाही. मुलीच्या गुडघ्याची किंमत कोणी धरलेली नाही, हे कारण आहे.

पोटाचाही प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९-२१) सांगते की भारतात १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी शाळेत जे मिळेल ते, आणि संध्याकाळी दोन तास सराव. खर्च होणारी ताकद जेवणातून भरून निघाली नाही की शरीर आधी पाळी थांबवते, मग हाडे ठिसूळ करते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला एक वेगळी अवस्था म्हणून नाव दिले आणि प्रशिक्षकांना सावध केले. आपल्याकडे मुलगी पाळी चुकल्याचे पुरुष प्रशिक्षकाला सांगणार कशी? आणि सांगितले तर तो नेमका काय अर्थ काढेल, हे तिला ठाऊक असते.

वर्तमानपत्रांना मात्र वेदना फार आवडते. स्वप्ना बर्मन आठवते का? पश्चिम बंगालच्या जलपायगुडीची राजबंशी समाजातली मुलगी. तिथे हा समाज अनुसूचित जातीत आहे. वडील सायकल-व्हॅन ओढायचे, आई चहाच्या मळ्यात कामाला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने हेप्टॅथलॉनचे सुवर्ण जिंकले, भारताला या प्रकारात मिळालेले पहिले. दोन्ही पायांना सहा-सहा बोटे, साधे बूट पायाला चावायचे. दातदुखीमुळे गालावर पट्टी बांधून ती खेळली. त्या पट्टीचे फोटो देशभर गाजले, ‘वेदनेवर मात’ असे मथळे आले. आम्हालाही अभिमान वाटला. पण तिच्या मापाच्या बुटांची तजवीज पदक आल्यानंतर झाली, हे किती जणांना खटकले? गरिबाच्या पोरीने सोसले की तिची जिद्द, सोसता न आल्याने ती मागे पडली की तिचे नशीब. दोन्हीकडे व्यवस्था मोकळी.

विनेश फोगाटचा गुडघा २०१६ मध्ये रिओत निखळला, तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी तिने आशियाई सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी २०२४ मध्ये तिने पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत धडक मारली. तिच्या हिमतीला तोड नाही. पण त्या हिमतीमागे डॉक्टर, फिजिओ आणि पैसाही उभा होता, हे विसरून तिचे उदाहरण वस्तीतल्या मुलीच्या तोंडावर फेकू नये. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळायला निदान नऊ महिने लागतात आणि त्या नऊ महिन्यांत नेमाने व्यायाम लागतो. लवकर उतरली तर पुन्हा फाटण्याचा धोका वाढतो. फिजिओ जिल्ह्याच्या गावी, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्या आईचा बुडालेला रोज. शस्त्रक्रिया योजनेतून झाली तरी पुढचे नऊ महिने कोणत्या योजनेत बसतात?

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तिचा मोठा भार सरकारने उचलावा, आणि तिच्या श्रमातून ज्याला फायदा मिळतो त्या मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी ती भूमिका होती. ज्याने लाभ घेतला त्याने शरीराची झीज सोसावी, हे त्यातले सूत्र. आम्ही तेच सूत्र मैदानावर लावतो आहोत. मुलीच्या चढाईवर शाळेचे नाव होते, संस्थेच्या माहितीपत्रकात फोटो छापला जातो, आमदार साहेबांच्या हस्ते बक्षीस होते. गुडघा फाटला की एकदम ती ‘तिची हौस’ कशी होते?

हा प्रश्न आपल्या दारातही आणू. भीमजयंतीला ठिकठिकाणी आपली मंडळे मुलींचे कबड्डी सामने घेतात, हे चांगलेच आहे. पण डीजेचे बजेट ठरवणाऱ्या बैठकीतच मैदानावर बर्फ, पट्ट्या, एक प्रशिक्षित माणूस आणि दवाखान्यापर्यंत गाडी यांची तरतूद झाली पाहिजे. सामन्याआधी १५ मिनिटे ते सहा व्यायाम झाल्याशिवाय संघ उतरवायचा नाही, असा नियम पत्रकावरच छापावा. सुजलेल्या गुडघ्याच्या मुलीला संघाने कितीही गळ घातली तरी पंचाने खेळू देऊ नये. आणि गुडघ्यात आवाज येऊन सूज आली तर चोळायचे नाही. बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच, आणि हाडांच्या डॉक्टरकडे. नस बसवणाऱ्याकडे नाही.

पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे. राजीव गांधींच्या नावाने ती ओळखली जाते. पालकांना ती सहसा माहीत नसते आणि शाळा आपणहून सांगत नाहीत. ज्या कार्यकर्त्यांना अशी एखादी जखमी मुलगी माहीत असेल त्यांनी या आठवड्यात मुख्याध्यापकांकडे जाऊन ही योजना तिच्या दुखापतीला लागू होते का, कोणते कागद लागतात, हे विचारावे. अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्ज घेणार नाही म्हणाले तर तो नकार लेखी मागावा.