भाकड दिवसांची वही

मराठी शिकवणाऱ्यांचा शब्दांवर अंमळ अधिकच विश्वास असतो. आम्हा उभयतांचाही होता. 'भाकड' या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे, अशी आमची समजूत होती. दूध न देणारी गाय ती भाकड आणि अर्थ नसलेली लांबलचक गोष्ट ती भाकडकथा. भाषेने दोघींना एकाच दावणीला बांधले आहे. दुसरीकडे, दुभत्या गाईच्या लाथाही गोड, असे सांगणारी म्हण आहेच. भाषेचा कल कोणाकडे आहे, हे निराळे सांगायला नको. हा कल किती फसवा असतो, हे मात्र आम्हाला गोठ्यात शिकावे लागले.

आमचे घर सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकवायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे, असा आमचा क्रम. दोन संकरित जर्सी गाई होत्या, पण त्या आईच्या. आमचा संबंध डेअरीत कॅन पोचवण्यापुरता. २०१९च्या नोव्हेंबरात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आई थोरल्या लेकीकडे पुण्याला गेली आणि गोठा आमच्याकडे आला. त्याच सुमारास चंद्री सात महिन्यांची गाभण होती. आईने जाण्यापूर्वी तिला आटवली होती. तिचे हे चौथे वेत.

शेजारी म्हणाले, "सर, भाकडाला पेंड कशाला? वाढं टाका, पुरे." गळीत हंगामात उसाचे वाढे फुकटच मिळतात. पण वाढ्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, हे आम्ही कुठेतरी वाचले होते. शिवाय मुके, गाभण जनावर आणि त्याची अशी उपेक्षा! आम्हाला ते अन्यायाचे वाटले. आम्ही वाढे बंद केले, रोज हिरवागार लसूणघास विकत आणला आणि कॅल्शियमच्या औषधाची बाटली सुरू केली. चंद्रीच्या अंगावर तकाकी आली. आपण भाषेचा पक्षपात कृतीने दुरुस्त करीत आहोत, असे एक छुपे समाधानही आम्हाला होते.

जानेवारीत चंद्री व्याली. कालवड झाली, चीक भरपूर निघाला. दुसऱ्या रात्री पाहतो तो चंद्री बसलेली. उठवता उठेना. मान वळवून तिने डोके कुशीला टेकवले होते आणि कान बर्फासारखे गार पडले होते. पशुवैद्य आले, त्यांनी कानाला हात लावला आणि लगेच बाटली काढली. मानेच्या शिरेतून कॅल्शियम अगदी सावकाश सोडत ते म्हणाले, "घाई केली तर हृदय बंद पडायचं." पाऊण तास आम्ही कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरून उभे होतो. मग तिच्या अंगावर थरथर आली, तिने ढेकर दिला, शेण टाकले आणि धडपडत ती उभी राहिली.

तो दुग्धज्वर होता. नाव ज्वर, पण अंग गार. शब्दाने दिलेला हा आणखी एक चकवा. डॉक्टरांनी कारण सांगितले तेव्हा आम्ही खाली मान घालून ऐकले. गाय व्याली की चिकातून आणि दुधातून कॅल्शियम एकदम वाहू लागते. ते रक्तात भरून काढण्यासाठी शरीराने हाडांतला साठा मोकळा करायचा असतो. भाकड काळात तोंडावाटे ते आयते, भरपूर मिळत राहिले, तर शरीराची ही सवय सुटते. ऐन वेळी साठा असून हाती येत नाही. आमच्या मायेनेच चंद्रीला खाली बसवले होते.

पुण्याला फोन केला. आईने रडारड केली नाही, आम्हाला दोषही दिला नाही. एवढेच विचारले, "भाकडात काय घालत व्हता तिला?"

पुढचे दोन महिने आम्ही निराळेच काही पाहिले. सहाव्या-सातव्या आठवड्यात चंद्री पंधरा लिटरवर गेली, पण तिची भूक अजून मागेच होती. दूध आधी शिखर गाठते. खाणे त्यानंतर महिनाभराने. मधली तूट गाय स्वतःच्या अंगातून भरते. बरगड्या दिसू लागल्या. देखभालीला दीड-दोन किलो आणि पुढे दर अडीच लिटरला एक किलो खुराक, हा हिशेब आम्ही पाळत होतो, तरी ती वाळतच होती. मागच्या वेतात उतरत्या दुधाच्या दिवसांत आणि भाकड काळात जे अंगावर धरले असेल, तेच या दिवसांत दुधात उतरते. दुभती गाय भाकड दिवसांचे देणे फेडत असते.

मार्चच्या आरंभी आई परतली. पुन्हा खाली बसून धार काढणे तिला जमणार नव्हते. ती गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसू लागली. वर्षअखेरीस चंद्री पुन्हा आटवली, तेव्हा सारे तिच्या सांगण्याप्रमाणे झाले. पोटभर कडबा, लसूणघास नाही, कॅल्शियम नाही, खुराक बेताचा. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक मुठी-मुठीने वाढवायचा, म्हणजे व्याल्यावरच्या आहाराची पोटाला आधीच ओळख होते. कॅल्शियम द्यायचे ते व्याल्यावर. २०२१च्या फेब्रुवारीत चंद्री व्याली आणि उभीच राहिली.

त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही वही घेऊन बसलो. एरवी मुलांना टिपणे सांगणारे आम्ही, आई सांगेल ते उतरवून घेत होतो. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिले : 'व्याल्याचा दिवस'. खाली तारीख आणि चिकाचे माप.

आईला अक्षरओळख बेताचीच. तिने विचारले, "पहिल्या पानावर काय लिवलंय?"

आम्ही वाचून दाखवले.

"फाडा ते पान," आई म्हणाली. "वेत आटवल्या दिवसापासनं मोजायचं."

आम्ही पान फाडले आणि नव्या पानावर एकच शब्द लिहिला : 'भाकड'.