पायरी आणि घसारा

मोटार घ्यायची कल्पना आमच्या घरात प्रथम कोणाच्या डोक्यात आली, याबद्दल एकमत नाही. सौ. म्हणते चिरंजीवांच्या, चिरंजीव म्हणतात मम्मीच्या. खरी गोष्ट अशी की ती माझ्याच डोक्यात आली, आणि तीही बँकेत, भर कामाच्या वेळी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लहान म्हणजे लांबीला चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचं इंजिन बाराशे सीसीपर्यंत. त्या आठवड्यात माझ्या टेबलाशी कर्जाची चौकशी करायला तीन माणसं आली. पहिल्याला मी हप्ता समजावून सांगितला, दुसऱ्याला समजावून सांगितला, आणि तिसऱ्याला सांगता सांगता तो मलाच पटला.

वास्तविक आमच्या गावात मोटारीवाचून कोणाचं अडत नाही. अक्कलकुवा म्हणजे महाराष्ट्र जिथे संपत आलेला असतो आणि गुजरात अजून सुरू व्हायचा असतो, असं तालुक्याचं ठिकाण. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर हमरस्ता गावाला धरून जातो. उत्तरेला देवगोईचा घाट चढलं की मोलगी. तिकडे जाणाऱ्या जीपमध्ये किती माणसं मावतात याचं उत्तर नेहमी ‘आणखी एक’ असं असतं. बाकी एसटी आहे, माझी मोटारसायकल आहे, आणि पाय आहेत.

पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एखादी गोष्ट मनात आली की ती वहीत उतरल्याशिवाय मला झोप येत नाही. चिरंजीवांची एक जुनी वही घेतली, मधोमध रेघ मारली, डावीकडे ‘मोटार’ लिहिलं, उजवीकडे ‘मोटार नको’ लिहिलं आणि हिशेबाला बसलो.

दुकानातली किंमत, त्यावर अकरा टक्के आरटीओचा कर, त्यावर विमा (नव्या मोटारीचा तिऱ्हाइताचा विमा आता तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो, म्हणजे मी ज्याला धडकणार आहे त्याची सोय मोटार दारात यायच्या आधीच झालेली), असं करत करत सर्वांत स्वस्त मोटार रस्त्यावर येईपर्यंत चार लाख चाळीस हजार धरले. मग आला घसारा. ज्यांनी कॉमर्स केलेलं नाही त्यांना घसारा हे काय प्रकरण आहे ते कळत नाही, आणि म्हणून ती माणसं सुखी असतात. प्राप्तिकराच्या दराने पंधरा टक्के धरला, तर पहिल्या वर्षी सहासष्ट हजार रुपये. म्हणजे दिवसाला एकशे ऐंशी. मोटार दारात नुसती उभी, काच पुसलेली, कोणी आत बसलेलं नाही, आणि रोज संध्याकाळी एकशे ऐंशी रुपये हवेत!

वापर किती? वर्षाला फार तर अडीच हजार किलोमीटर. घसारा, व्याज, विमा आणि पेट्रोल मिळवून किलोमीटरला जवळजवळ पन्नास रुपये पडले. सीमेपलीकडे गुजरातेत पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळतं, तेही धरून पाहिलं. पण ते भरायला जाण्यायेण्यात जे जळणार तेही धरल्यावर फरक वहीत दिसेनासा झाला. उलट भाड्याची गाडी किलोमीटरला चौदा रुपयांत दारात उभी राहते, आणि तिचा घसारा तिच्या मालकाच्या झोपेत.

आता एसटी. सौ.ला एसटीत अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे. आणि आई सत्त्याहत्तर वर्षांची. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटीचा प्रवास फुकट आहे. म्हणजे एका बाजूला पन्नास रुपये किलोमीटर आणि दुसऱ्या बाजूला शून्य. शून्याशी स्पर्धा कोणाला करता आली आहे? उजवीकडचा रकाना जिंकला. मी खाली दोन रेघा ओढल्या आणि वही मिटली.

वही मिटली, पण हिशेब जुळत नव्हता. बँकेत दिवसअखेर एखादा रुपया कमी येतो आणि तो सापडेपर्यंत घरी जाता येत नाही, तसं काहीतरी वाटत राहिलं. दोन दिवसांनी तो रुपया सापडला. प्रवास फुकट झाल्यापासून आई एसटीत चार वेळा बसली होती. गेल्या दोन वर्षांत एकदाही नाही.

कारण एसटीची पहिली पायरी. ती पायरी पूर्वी होती तिथेच आहे, तक्रार करायला जागा नाही. आईचे गुडघे मात्र खाली गेले आहेत. शेवटच्या खेपेला खालून मी आणि वरून कंडक्टर असं तिला चढवलं. मागे रांग होती. कोणी काही बोललं नाही, उलट एका पोराने पिशवी धरली. पण आई जागेवर बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली ती तळोदा येईपर्यंत. पुढच्या महिन्यात विचारलं, “आई, प्रकाशाला जायचं ना?” तर म्हणाली, “माले कोठे जानं शे आते?”

प्रकाशा हे तिचं माहेर. तापी आणि गोमाईच्या संगमावर, केदारेश्वराचं देऊळ असलेलं गाव. आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिथे तिचा धाकटा भाऊ आहे, म्हणजे माझा मामा, वय वर्षं बहात्तर. दोघांचं फोनवर रोज भांडण होतं, विषय साधारणतः १९६५ सालचे असतात. भांडण समोरासमोर करायची सोय नाही, ही त्यांची खरी अडचण.

भाड्याची गाडी करून पाहिली. तेराशे रुपये ठरले. मामांनी शेवभाजी करायला सांगितली होती. आई ओसरीवर बसली, पाणी प्यायली, आणि तिची नजर दाराबाहेर गेली. ड्रायव्हर झाडाखाली मोबाईल बघत निवांत होता, त्याला घाई नव्हती, त्याला जेवायलाही बोलावलं होतं. पण आई दर पाच मिनिटांनी म्हणे, “चल रे, गाडीवाला खोळंबला.” ज्या घरात जन्मली तिथे ती तासभर बसली, तीही बसस्टँडवर बसल्यासारखी. १९६५चा विषय निघालाच नाही. हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत.

मोटारीच्या जवळ मी यापूर्वी एकदा गेलो होतो. किती जवळ, तर तीनशे रुपये. १० जानेवारी २००८ला दिल्लीत नॅनो दाखवली गेली, लाख रुपयांची मोटार म्हणून. एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली, असं ते सांगत. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नोंदणी झाली, फॉर्मची किंमत तीनशे रुपये. इंजिन मागे, ६२४ सीसी, वायपर एकच, चाकाला नट तीनच. मला ही काटकसर फार आवडली. बँकेतल्या माणसानेच ती काढली असावी अशी शंका आली. फॉर्म आणला आणि रात्री भरला. भरला म्हणजे लिहिला. पैशांसकट भरला नाही. शाखेतले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “बँकेतला माणूस आणि देशातली सगळ्यात स्वस्त मोटार? गिऱ्हाईक काय म्हणेल?” दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली आणि मोटारींसाठी सोडत निघाली, तरी पुढे ती मोटार चालली नाही, २०१८च्या सुमारास बंदच झाली. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच तिला नडला, असं पुढे खुद्द टाटाही बोलले. आपल्या माणसाला स्वस्त हवं असतं, पण ते दारात उभं राहून तसं ओरडायला नको असतं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी तर स्वातंत्र्यानंतरच्या काळातच ‘मीरा’ नावाची छोटी मोटार खटपट करून बनवली होती. तीही लोकांच्या दारात यायची राहूनच गेली.

माझा तो फॉर्म अजून कपाटात आहे. तेव्हा आई साठीची होती. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन एसटीत चढायची आणि आधी माझी जागा धरायची.

असो. मोटारीचा विषय निघाला की सल्ले फुकट मिळतात. एक म्हणाले, नवी घेऊ नका, जुनी घ्या. दुसरे म्हणाले, जुनी घेऊ नका, जुनी कोणी उगाच विकत नाही. शेजारचे काका म्हणाले, “अरे, सारंगखेड्याच्या यात्रेत याहून महाग घोडे विकले जातात.” हे खरं आहे. पण घोड्याची पायरी एसटीहून उंच.

जागेचाही प्रश्न होता. दारासमोरची मोकळी जागा आम्ही सौ.च्या पाचवारी पातळाने मोजली, कारण टेप चिरंजीवांनी कुठे ठेवला ते त्यांना आठवेना. साडेतीन मीटरची मोटार मावत होती. फक्त काकांची शेळी अर्धा मीटर सरकवावी लागणार होती.

शेवटी दिवाळीनंतरच्या एका शनिवारी नंदुरबारला शोरूममध्ये गेलो. तो बँकेच्या सुट्टीचा, दुसरा शनिवार. भाड्याचीच गाडी करून गेलो. आईला डॉक्टरांना दाखवायचं आहे असं सांगितलं होतं. तिथला टायवाला पोरगा फार गोड बोलला. पडदा कुठे हात लावला की चालतो, सहा एअरबॅगा कुठे लपल्या आहेत, सगळं सांगितलं. मी म्हटलं, “ते राहू द्या. आधी आईला बसू द्या.”

सर्वांत स्वस्त मोटारीत आई झटकन बसली. इतकी झटकन की मी मनातल्या मनात सही केली. पण उतरताना घोटाळा झाला. आसन एवढं खाली की गुडघे वर आले आणि आई आतच राहिली. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने टायवाला. म्हणजे पुन्हा तेच कंडक्टर प्रकरण! आई ओशाळून हसली. मला घसाऱ्याहूनही वाईट वाटलं.

मग तिने चपला घालून बघाव्यात तशा एकेक मोटारी बसून पाहिल्या. एक फार खाली, एकीचं दार फार जड. तिसरी जरा उंच होती, पहिलीहून पस्तीस हजारांनी महाग. आई बसली. दाराच्या कडेला हात टेकून आपली आपण उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. टायवाला मायलेज सांगायला लागला तर मीच त्याला थांबवलं.

“हाई बरी शे,” आई म्हणाली. मग काचेतून बाहेर आमच्या भाड्याच्या गाडीकडे बघून हळूच विचारलं, “आन् हिना ड्रायव्हर कोन?”

“मीच.”

“मंग प्रकाशाले तू थांबशी ना?”

“थांबेन की. मला कुठे जायचंय?”

परतताना तळोद्याच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं की माझं लायसन फक्त दुचाकीचं आहे. रात्री वही काढली, दोन रेघांच्या खाली जागा नव्हती म्हणून नवीन पान घेतलं आणि पहिली नोंद केली: ड्रायव्हिंग क्लास, फी विचारणे.