कॅमेऱ्याचे पावसाळे

आमच्या घरातला पहिला कॅमेरा डिचोलीच्या मातीच्या मोबदल्यात आला, असे बाबा म्हणत. त्यात अर्धा विनोद होता, अर्धा हिशेब. डिचोलीच्या खाणींतले खनिज ट्रकांतून नदीकाठी यायचे, तिथून बार्जमधून मांडवीने खाली मुरगाव बंदरात आणि बंदरातून बहुतेक जपानला. ते न्यायला येणाऱ्या बोटींवरची माणसे वास्कोत उतरत, तेव्हा त्यांच्याबरोबर घड्याळे, ट्रान्झिस्टर, छत्र्या आणि कॅमेरेही उतरत. बाबा बंदरात नोकरीला होते. एके दिवशी याशिका इलेक्ट्रो ३५ घरी आली. कुणाकडून, किती रुपयांना, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. मामा डिचोलीचा. तो आला की बाबा कॅमेरा मुद्दाम समोर ठेवत. मामा म्हणायचा, "माती आमची, कॅमेरो तुमचो. बरो वेव्हार!"

या मॉडेलची मूळ आवृत्ती १९६६ची. आमची जीएसएन, म्हणजे १९७३ नंतरची. तळहातावर घेतली की तिचे वजन कळायचे. पाठीमागे एक बटण होते, ते दाबले की फोटो मोजायच्या खिडकीत हिरवा दिवा लागायचा. बॅटरी जिवंत असल्याची ती खूण. आम्हा मुलांना तेवढेच बटण दाबायची परवानगी होती. वर दोन बाण, एक लाल, एक पिवळा. लाल लागला तर उजेड जास्त, पिवळा लागला तर कमी, हात हलवू नका. शटरचा वेग कॅमेराच ठरवायचा. १.७ अ‍ॅपर्चरची लेन्स होती, म्हणजे घरातल्या साठच्या बल्बवरसुद्धा चेहरा उमटायचा, पण नेम धरून बसणाऱ्याने श्वास रोखायचा आणि फोटोतल्या माणसानेही.

छत्तीस फोटोंचा एक रोल आमच्याकडे वर्षभर चालायचा. श्रावणात वास्कोच्या दामोदराचा सप्ताह, चोवीस तासांचे अखंड भजन आणि स्वतंत्र पथावर लागलेली फेरी, मग चवथीची माटोळी, मग दिवाळीला दारातला आकाशकंदील आणि शेवटचे दोन-तीन फोटो शिगम्याला. धुऊन आलेल्या पाकिटात एकामागून एक सगळे सण असत, आणि पहिल्या फोटोत कडेवर असलेले बाळ शेवटच्यात चालत असे. ही काटकसर पुढे मला फार उपयोगी पडली. आजही बटणावर बोट ठेवल्यावर मी क्षणभर थांबतो.

या कॅमेऱ्याला संपवले ते वास्कोच्या हवेने. चामड्याच्या घट्ट केसमध्ये, सागवानी कपाटात, कपड्यांच्या घडीमागे तो जपून ठेवलेला होता. इतका जपून की एका पावसाळ्यात कुणी उघडलाच नाही. गणपतीला बाहेर काढला तेव्हा केसवर पांढरी लव होती आणि टॉर्च धरून पाहिले तर लेन्सच्या आत, काचेच्या कडेपासून मध्याकडे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. बुरशी. बाहेरची काच पुसून ती जात नाही. लेन्स सुटी करावी लागते, आणि तोवर बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतो तो राहतोच. आमची याशिका त्यानंतरही फोटो काढत असे, पण उजेडासमोर धरली की सगळ्या चित्रावर एक धुरकट पडदा यायचा. आईला तेच फोटो आवडत. म्हणायची, यात सगळे जरा गोरे दिसतात.

मला मात्र दुसरा कॅमेरा हवा होता आणि त्याचे कारण शिरगावात मिळाले. वैशाख शुद्ध पंचमीला तिथे लईराई देवीची जत्रा. मामाबरोबर मी रात्रभर उभा असे. हातात वेत, गळ्यात मोगरीचे कळे घातलेले धोंड, म्हणजे देवीचे भक्त, मध्यरात्री पेटलेले होमकुंड आणि पहाटेकडे निखाऱ्यांवरून चालत जाणारी माणसे. याशिकाला त्या जागी काही कळत नसे. आगीच्या उजेडाला भुलून ती शटर झटपट मिटायची. जाळ सुरेख यायचा, माणसे काळीठिक्कर. एएसएची चकती फिरवून तिला फसवता येते, पण त्या गर्दीत, त्या धगीत, कोण चकती फिरवत बसणार? शटरचा वेग माझ्या हाताने ठरवता येईल असे काहीतरी हवे होते.

ते याशिकाच्याच घरचे निघाले, एफएक्स-३ सुपर २०००. आखातातून परतलेल्या एकाकडून जुना घेतला. त्यावरचे कातडे हाताला लागून पापुद्र्यांनी सुटायचे. ही त्या मॉडेलची जन्मखोडच. पण आतले शटर पूर्ण यांत्रिक. बॅटरी फक्त उजेड मोजायला. ती संपली तरी सगळे वेग चालू. इलेक्ट्रोची बॅटरी गेली की तिच्याकडे एकच वेग उरतो, सेकंदाचा पाचशेवा भाग. वर तिची पाऱ्याची मूळ बॅटरी आता बनतच नाही. दुसरी बसवायची तर जुगाड करावा लागतो. शिरगावात मी चारशेचा इलफर्ड रोल सोळाशेचा मानून घातला, अ‍ॅपर्चर उघडे टाकले, सेकंदाचा साठावा भाग लावला आणि मीटरकडे पाहिलेच नाही. त्या रोलवर धोंडांच्या चेहऱ्यांवरचा घाम उतरला.

तो रोल घरीच धुतला. पुस्तकात लिहिलेले असते, रसायन २० अंशांवर ठेवा. वैशाखात वास्कोच्या नळाला येणारे पाणी त्याहून कितीतरी गरम. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, चित्र भराभर काळे होते, दाणा रवाळ होतो. म्हणून मी मासळी बाजारातून बर्फ आणायचो. न्हाणीत बादली, बादलीत बर्फ, बर्फात डी-७६ रसायनाची बाटली, हातात थर्मामीटर. २० अंशांवर चारशेच्या रोलला साडेसात मिनिटे लागतात. सोळाशेला त्याहून बरीच जास्त. तेवढा वेळ दार बंद, दर मिनिटाला डबी उलटीसुलटी करायची आणि बाहेरून कोण ना कोण विचारणार, "बांगडे आणलेस काय रे?"

मग २०१२ साल आले. जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि बार्जी मांडवीत नांगर टाकून उभ्या राहिल्या. याशिका ज्यांच्या ताब्यात गेली होती त्या क्योसेराने तर २००५मध्येच कॅमेरे बनवणे सोडले होते. मामा म्हणाला, "वेव्हार सोंपलो." मामाचे तेव्हा दोन ट्रक उभे होते, म्हणून मी हसलो नाही.

फिल्म परत येईल असे मला वाटले नव्हते, पण आली. पेडण्याला दिलेल्या बहिणीची मुलगी आता कॉलेजात आहे, तिला रोलवाला कॅमेरा हवा होता. तिने मोबाइलवर मला चकचकीत खिशातले कॅमेरे दाखवले. ऑटोफोकस, छोटी मोटर आणि किंमत अशी की त्यात जुनी स्कूटर यावी. मी तिला स्पष्ट सांगितले, ते नको. आतला सर्किट बोर्ड गेला की दुरुस्त करणारा मिळत नाही. रोल, धुणे आणि स्कॅनिंग मिळूनच हजाराच्या वर जातात, ते पैसे त्यासाठी ठेव. यांत्रिक एसएलआर घे, पन्नासची लेन्स घे, नाव पेंटॅक्स असो, निकॉन असो, याशिका असो. विकणाऱ्याला एकच विचार: याने पावसाळे कुठे काढले?

दिल्लीचा किंवा पुण्याचा कॅमेरा आणि किनाऱ्यावरचा कॅमेरा यांत फरक असतो. ती पणजीला एक जुना पेंटॅक्स के१००० बघायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. आधी वास घेतला. जो कपाटात मुरला त्याला कुबट वास येतो. मागचे झाकण उघडून कडेच्या फोमला नख लावले. डांबरासारखा चिकट झाला होता, पण तो बदलता येतो. वेग एका सेकंदावर ठेवून कान दिला. शटर अडखळले नाही. शेवटी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च आणि दुसरीकडून डोळा. काच स्वच्छ. विकणारा जरा नाराज झाला, पण मालक बंगळुरूचे होते हे त्याने कबूल केले.

पेडण्याला नेऊन तिने पहिला फोटो आपल्या आजीचा काढला. आजी पदर सारखा करून बसली, हसली, आणि लगेच म्हणाली, "दाखय." रोल भरायचा आहे, मग तो मुंबईला जाईल, मग पंधरा दिवसांनी... आजीने ऐकून घेतले. "मगे आताच माका हसूक कित्याक सांगलंस?"

जूनमध्ये भाचीने माझ्या सांगण्याप्रमाणे कॅमेरा केसमधून काढून झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवला, बरोबर सिलिका जेलची पुरचुंडी. कोरडे असतात तोवर हे खडे निळे, ओल पिऊन पिऊन गुलाबी होतात. मग ते गरम करून पुन्हा निळे करायचे. त्यासाठी तिने आजीचा मोडीत काढलेला तवा मागितला, पुन्हा स्वयंपाकाला घेणार नाही या बोलीवर. मागच्या पडवीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, ती खडे परतत बसली होती. आजी दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा हातात सादळलेल्या मिरच्यांनी भरलेले सूप होते. "तुझ्या कॅमेऱ्याची भाकरी झाली की सांग," म्हणाली, "माझ्या मिरच्यांकय सादळ लागलाहा."